श्रावणबाळाच्या नावावर सरकारची सुटका

हृदयविकाराचा झटका आलेल्या गरिबाला आज महाराष्ट्रात उपचाराचा खर्च मिळू शकतो, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर पसरली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. स्टेंटच्या किमतींवर केंद्र सरकारने २०१७ सालीच मर्यादा घातली. परंतु हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव वा कळमनुरी तालुक्यातला साठी उलटलेला शेतमजूर स्टेंट बसवून नांदेडहून गावी परततो, तेव्हा त्याचे आजारपण संपलेले नसते. त्याचा अधिक लांबचा टप्पा तेव्हा कोठे सुरू होतो, आणि नेमके त्याच वेळी शासन हात झटकून मोकळे होते.

योजनेची जबाबदारी रुग्णाला घरी सोडल्यानंतर १० दिवसांपर्यंत असते. काही उपचारांसाठी पुढील तपासण्यांचीही तरतूद आहे; मात्र त्यासाठी रुग्णानेच पुन्हा त्या दूरच्या रुग्णालयाची पायरी चढावयाची! सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, दिवसभराची उपासमार या बाबी कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाहीत. इकडे औषधे मात्र दीर्घकाळ अखंड घ्यावी लागतात. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन माणूस दगावू शकतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे खरे. पण ज्या दिवशी गोळी शिल्लक नसते, त्या दिवशी तो मोफतपणा बाहेरच्या दुकानासाठी लिहून दिलेल्या चिठ्ठीपुरताच उरतो.

प्रश्न केवळ गोळ्यांचाही नाही. झटक्यानंतर रुग्णाने बेताबेताने चालावयास लागावे, मीठ व तेल कमी करावे, तंबाखू कायमची सोडावी, श्वास लागला वा पाय सुजले तर वेळ न दवडता दाखवावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. गावात मात्र ‘बापाला हलू देऊ नका’ असा सल्ला देणारे दहा जण भेटतात. भीतीने व उदासीने खाटेला खिळलेला माणूस मग घरच्यांना ‘आराम करतो आहे’ असे वाटू लागते. त्याला हाताला धरून अंगणात चालवावयाचे किती, हे शिकवणार कोण? चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या, दुपारी सोयाबीनच्या काढणीला वा हळद शिजवावयास जाणाऱ्या त्याच्या सुनेला हे कोणीही शिकवलेले नसते. तरीही त्याचे पथ्य, औषधाच्या वेळा, आंघोळ आणि रात्रीचे जागरण तिच्याच पदरी पडते.

याला आपल्याकडे सेवा म्हणतात. सेवा म्हटले की वेतनाचा प्रश्न निघत नाही, रजेचा निघत नाही, विसाव्याचा तर नाहीच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची काळजी वाहण्याचे काम करीत होत्या, पुरुष २१ टक्क्यांच्या आसपास. हे काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटांचा वेळ जात होता, पुरुषाचा ७४ मिनिटांचा. ज्या घरी रोजंदारीवर चूल पेटते, तेथे ही मिनिटे म्हणजे गमावलेली मजुरी आहे.

आणि राज्यकर्त्यांचे औदार्य पाहा! वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या योजनेला त्यांनी नाव दिले श्रावणबाळाचे. रक्कम महिना १,५०० रुपये. कावड मात्र मुलाच्याच खांद्यावर. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईबापांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. निष्ठुर मुलाला जरब बसावी, याला कोणाची हरकत असणार? पण ज्या मुलापाशी देण्यासारखे काहीच नाही, त्याला तुरुंग दाखवून म्हाताऱ्याची गोळी येत नाही. त्या कायद्यात अपत्य म्हणून मुलगा, मुलगी, नातू, नात यांची नोंद आहे, सुनेची नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात सुनेची व जावयाची आठवण झाली, तीही जबाबदारीचे जोखड घालण्यासाठी. तिच्या श्रमाचा मोबदला त्या विधेयकालाही सुचला नाही.

घरापर्यंत आरोग्यसेवा नेणे अशक्य आहे, हा युक्तिवाद टिकणारा नाही. २०११ पासून आशा कार्यकर्त्या नवजात बालकाच्या घरी ४२ दिवसांत ठरलेल्या सहा फेऱ्या करतात, वजन घेतात, धोक्याची लक्षणे ओळखतात. त्यांचा मोबदला तुटपुंजा आहे, त्यासाठी त्यांना संप करावे लागतात. पण व्यवस्था उभी राहिली आहे. केरळने २००८ साली धोरण ठरवून अंथरुणाला खिळलेल्या व दीर्घ आजाऱ्यांच्या घरी पंचायतीमार्फत परिचारिका पाठवावयास सुरुवात केली. हृदयरुग्णासाठी तशी फेरी हिंगोलीत का नसावी? पैसा नाही म्हणून? याच जिल्ह्यात औंढा तालुक्यातील दुधाळा येथे उभारावयाच्या लायगो प्रयोगशाळेसाठी केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. विज्ञानावरील त्या खर्चाला समाजवाद्यांचा विरोध असू शकत नाही. दूरच्या ताऱ्यांची कंपने टिपणे मोठेच काम आहे. पण ठरवले तर या मागास जिल्ह्याकडेही पैसा वळतो, हे त्यातून सिद्ध होते.

दोषाचा काही वाटा चळवळीकडेही जातो. चळवळीने रुग्णालये मागितली, महाविद्यालये मागितली. हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालेही. रुग्ण घरी गेल्यानंतरचे आयुष्य मात्र कार्यकर्त्यांनीही बायकांचे काम म्हणून सोडून दिले. मोर्चात घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्याचा आजारी बाप घरी कोण सांभाळते, हे कोणत्याही शिबिरात विचारले गेले नाही. आता मागणी स्पष्ट हवी : उपकेंद्रावर महिन्याच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, पहिले सहा महिने परिचारिकेची नियमित घरभेट व्हावी आणि काळजी वाहणाऱ्या व्यक्तीस, मग ती सून असो वा मुलगा, बुडालेल्या मजुरीची भरपाई तिच्याच खात्यात मिळावी. तोवर प्रत्येक तालुका शाखेने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे झटक्यानंतर उपचार घेऊन गेल्या वर्षभरात गावी परतलेल्यांची यादी मागावी. अशी यादी ठेवलीच जात नाही असे उत्तर आले, तर पहिल्या मोर्चाला तेवढे कारण पुरे आहे.