थंडी कानांतून शिरते!

कोकणात थंडी नसतेच, असे आम्ही घाटावर नोकरी करणारे कोकणे मोठ्या ऐटीने सांगत असतो. तीन वर्षांपूर्वी ती ऐट मिरवीत मी मुलाबाळांसह जामसंड्याला जत्रेला गेलो. स्वेटर कोल्हापुरातच राहिले.

"अरे, कानाक फडको बांध. थंडी कानातसून शिरता," काकी म्हणाली. मी हसलो.

दशावतार म्हणजे रात्रभराचा मामला. मध्यरात्र उलटली आणि दव पडू लागले. समुद्रकाठच्या हवेत ओल फार. पारा फारसा न उतरताही सदरा ओलसर होतो, आणि ओले कापड अंगाची ऊब ओढून घेते. शिवाय आम्ही बसलेलो नुसत्या थंडगार जमिनीवर! गावकरी मात्र घोंगडीची घडी खाली घालून, डोईला मफलर गुंडाळून खुशाल बसले होते. मागे दोघेतिघे बाटलीतून 'ऊब' घेत होते. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटते एवढेच. आतली उष्णता उलट बाहेर निघून जाते. पण त्यांना सांगणार कोण?

खरा घात पुढेच होता. पहाटे घरी आलो तेव्हा मुले कुडकुडत होती. मी कोळशाची शेगडी खोलीत आणली आणि वारा नको म्हणून दारेखिडक्या गच्च लावल्या. धूर नाही, वास नाही, नुसते लालबुंद निखारे. घटकाभर फार बरे वाटले. मग डोके ठणकू लागले. म्हटले, जागरण! सौभाग्यवतींना मळमळू लागले. धाकटा तर हाका मारूनही उठेना.

तेवढ्यात काकीने दार ढकलले. "इंगळे आसताना दारां लावतत काय रे?" असे ओरडत तिने पोराला उचलले आणि अंगणात धाव घेतली. मोकळ्या हवेत काही वेळाने तो रडला. त्याचे रडणे मला इतके गोड कधी लागले नव्हते. डॉक्टरांनी प्राणवायू लावला. संध्याकाळपर्यंत स्वारी खेळू लागली.

निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की हुंगता येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली हाक. ती ऐकताच आधी उघड्यावर यायचे आणि मग डॉक्टर गाठायचा. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमध्ये तुंबलेल्या धुराड्यामुळे असाच रात्रीत गेला. गंमत अशी, की ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितली होती!

यंदाही जत्रेला जायचे आहे. सौभाग्यवतींनी दोन मफलर विणायला घेतले आहेत. एक माझा, दुसरा धाकट्याचा. मात्र संकासुर आला की तो मफलर कानांवरून डोळ्यांवर ओढणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.