प्लग कुठे आहे, ते आधी सांगा!

गाड्यांच्या किमतीचा तक्ता तुम्ही कधी नीट वाचलाय? दिवाळीच्या आसपास पेपरात पानभर जाहिरात येते. 'अमुक लाखांपासून सुरू' असं ठसठशीत अक्षरांत, आणि त्या आकड्याच्या डोक्यावर मुंगीएवढा तारा. आकडा बेस मॉडेलचा, फोटो मात्र टॉप मॉडेलचा. सनरूफ, अलॉय व्हील्स, मोठा स्क्रीन सगळं फोटोत दिसतं आणि त्यातलं काहीही त्या किमतीत मिळत नाही. याची आपल्याला एव्हाना सवय झालीये. पण त्याच तक्त्यात पेट्रोल, हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड अशा तीन रांगा शेजारी-शेजारी आल्या की भले भले गोंधळतात. मग शोरूममधला माणूस म्हणेल ते खरं.

हे आज सांगायचं कारण असं. तुमच्यातले बरेच जण एमएस करायला अमेरिकेत जायच्या तयारीत आहेत. तिथे गेल्यावर पहिल्या वर्षभरात सेकंड हँड गाडी घ्यावी लागते, कारण बहुतेक शहरांत बस-ट्रेनच्या भरवशावर राहता येत नाही. आणि जे इथेच राहणार, त्यांच्या घरीही 'हायब्रिड घ्यायची का?' हा प्रश्न आज ना उद्या येणारच. तेव्हा एका गाडीचा तक्ता नीट उलगडून बघू. गाडी अमेरिकेतली आहे, नाव फोर्ड फ्यूजन. (याच नावाची एक उंच हॅचबॅक आपल्याकडेही विकली जायची. ती वेगळी, ही मोठी सेडान.) २०१३ च्या मॉडेलपासून ही सेडान साधं पेट्रोल, हायब्रिड आणि 'एनर्जी' नावाचं प्लग-इन हायब्रिड अशा तिन्ही रूपांत मिळायला लागली. २०२० मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण सेकंड हँड बाजारात ती अजून भेटते. तिन्ही रूपं एकाच सांगाड्यावरची, म्हणून तुलनेला याहून सोयीची गाडी नाही.

आधी शब्द. तिकडे 'गॅस व्हर्जन' म्हणतात ते सीएनजी नव्हे. गॅस म्हणजे गॅसोलिन, म्हणजे आपलं पेट्रोल. आपण ज्याला व्हेरिएंट म्हणतो त्याला ते 'ट्रिम' म्हणतात. फ्यूजनची शिडी खालून वर अशी होती: एस, एसई, टायटॅनियम. पुढे सर्वात वर प्लॅटिनम आणि व्ही-६ इंजिनाची स्पोर्टही आली. शिडी चढाल तशा लेदर सीट्स, सोनीची बारा स्पीकर्सची सिस्टीम वगैरे लाड वाढत जातात.

आता खरी मेख. साधी पेट्रोल फ्यूजन 'एस'पासून मिळायची. एनर्जी सुरुवातीला आली ती एसई आणि टायटॅनियम या दोनच ट्रिममध्ये. २०१९ मध्ये तर ती फक्त टायटॅनियममध्ये उरली. म्हणजे तुम्हाला गाडीला फक्त प्लग हवा असेल, तरी लेदर आणि बारा स्पीकर्स घ्यायलाच हवेत. लग्नाच्या हॉलवाल्याने केटरिंगही आमचंच घ्या म्हणावं, तसला प्रकार.

आपल्याकडे हे होत नाही असं समजू नका. मे २०२२ मध्ये होंडा सिटीचं हायब्रिड रूप आलं तेव्हा ते फक्त झेडएक्स या सर्वात वरच्या व्हेरिएंटमध्ये होतं, एक्स-शोरूम १९ लाख ४९ हजारांना. इंधन वाचवायची गरज सर्वात जास्त कुणाला असते? ज्याला हप्ता भरताना घाम फुटतो त्याला. आणि इंधन वाचवणारं तंत्रज्ञान ठेवलंय कुठे? सनरूफच्या वरच्या मजल्यावर. कंपनीची बाजूही समजते म्हणा. बॅटरी महाग असते, खालच्या व्हेरिएंटमध्ये नफ्याला जागा नसते. पण मग त्या गाडीला 'सगळ्यांसाठी पर्यावरणपूरक' म्हणून मिरवू नका, इतकंच.

मग तुलना करायची कशी? पहिला नियम हा की तळाची पेट्रोल आणि वरची प्लग-इन शेजारी ठेवून 'बघा किती फरक' म्हणायचं नाही. २०१३ मध्ये पेट्रोल 'एस'ची सुरुवात २१,७०० डॉलर्सपासून होती आणि एनर्जीची ३८,७०० पासून. १७,००० डॉलर्सचा फरक! पण तो सगळाच फरक बॅटरीचा नाही, त्यात लाडही आहेत. नुसतं ट्रिमचं नाव जुळवूनही भागत नाही. पेट्रोल टायटॅनियममध्ये २४० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन होतं, एनर्जी टायटॅनियममध्ये इंजिन आणि मोटर मिळून १८८. डिक्कीवर नाव एकच, गाड्या दोन. एकीत बसून मजा येते आणि दुसरीत शांत वाटतं. कोणती भारी हे तुमच्या स्वभावावर.

एनर्जीची खरी स्पर्धा पेट्रोलशी नाहीच. ती आहे तिच्या सख्ख्या बहिणीशी, फ्यूजन हायब्रिडशी. या बहिणीला प्लग नाही. ब्रेक मारताना आणि इंजिनातून तिची छोटी बॅटरी आपली आपणच भरते. हायब्रिड एसई होती २७,२०० डॉलर्सला. म्हणजे फरक ११,५०० डॉलर्सचा. (एनर्जी एसईमध्ये काही गोष्टी जास्त होत्या, त्यामुळे हीसुद्धा अगदी काटेकोर तुलना नाही.) त्यातून केंद्र सरकारची सुमारे चार हजारांची करसवलत वजा केली की राहिले साधारण साडेसात हजार.

या साडेसात हजारांत काय मिळालं? ७.६ किलोवॉट-अवरची बॅटरी, जी एका चार्जवर साधारण २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर विजेवर नेते. आता कागद-पेन घ्या. २० मैलांना भिंतीतून साधारण साडेसात युनिट वीज लागते. तेव्हा अमेरिकेत सरासरी दर युनिटला १२ सेंट होता, म्हणजे झाले ९० सेंट. हायब्रिडचा अधिकृत आकडा गॅलनला ४२ मैल. तेच २० मैल जायला तिला अर्ध्या गॅलनहून किंचित कमी पेट्रोल लागतं. साडेतीन डॉलर गॅलनने १ डॉलर ६७ सेंट. वाचले ७७ सेंट. वर्षाचे ३६५ दिवस, एकही दिवस न चुकता रोज एकदा पूर्ण चार्ज करून पूर्ण वापरली, तर वाचणार २८० डॉलर्सच्या आसपास. साडेसात हजार वसूल व्हायला सव्वीस-सत्तावीस वर्षं!

ऑफिसातही चार्जिंग असेल आणि दिवसातून दोनदा भरली, तर ही वर्षं निम्मी होतात. पुढच्याच मॉडेल-वर्षात फोर्डने किंमत चार हजारांनी खाली आणली, तेव्हाही गणित निम्म्यावर आलं. साध्या पेट्रोल फ्यूजनशी ताडून पाहिलं तर चित्र आणखी बरं दिसतं, कारण ती गॅलनला २६ मैलच द्यायची. म्हणजे प्लग-इन हे नुसतं थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये. ज्याच्या घराला गॅरेज आहे, गॅरेजमध्ये पॉइंट आहे आणि रोजची ये-जा ३० किलोमीटरच्या आत आहे, तो महिनोन्‌महिने पेट्रोल पंपावर फिरकणार नाही. त्याच्यासाठी ही गाडी झकास.

पण ज्याच्याकडे पॉइंट नाही त्याचं काय?

इथेच तक्ता गप्प बसतो. प्लग-इन विकताना 'एमपीजीई' नावाचा एक मोठा आकडा पुढे करतात. एका गॅलन पेट्रोलमध्ये जितकी ऊर्जा असते तितकी ३३.७ युनिट विजेत धरायची आणि त्यावर गाडी किती मैल जाते ते मोजायचं. एनर्जीचा हा आकडा सुरुवातीला १०० सांगितला गेला. ४२ च्या शेजारी १०० लिहिलं की डोळे दिपणारच. पण तो फक्त विजेवर चालण्याचा आकडा आहे. बॅटरी संपली की तीच एनर्जी गॅलनला ३८ मैल देते, म्हणजे बिनप्लगच्या हायब्रिडपेक्षाही चार कमी. कारण सोपं आहे: तुम्ही एक मोठी, रिकामी बॅटरी पाठीवर घेऊन फिरताय.

आणि हा ३८ सुद्धा आधी ४३ होता बरं का. जून २०१४ मध्ये फोर्डने आपल्याच चाचणीत चूक झाल्याचं सांगून आकडे खाली आणले. हायब्रिड ४७ वरून ४२ वर आली, एनर्जी ४३ वरून ३८ वर आणि तिचा १०० चा आकडा ८८ वर. गाडी घेतलेल्यांना कंपनीने भरपाईही दिली. स्टिकरवरचा आकडाही बदलू शकतो, हे लक्षात असू द्या.

बॅटरीचं ओझं नुसतं वजनात मोजू नका. डिक्की उघडा. साध्या फ्यूजनची डिक्की १६ घनफूट, हायब्रिडची १२ आणि एनर्जीची जेमतेम ८. आपल्या हिशेबात ४५० लिटरवरून २३० लिटर. मागच्या सीटच्या पाठीशी बॅटरीचा भलामोठा ओटा असतो. विमानतळावर दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरलेल्या मित्राला आणायला गेलात की एक बॅग मांडीवर येणार.

आता एमएसवाल्यांनी नीट ऐका. तिथे चौघांत घेतलेल्या अपार्टमेंटला बहुधा उघडं पार्किंग असतं. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, गाडी खाली रांगेत. घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या पॉइंटवर एनर्जी भरायला सातेक तास लागतात, २४० व्होल्टवर अडीच. वेळ काही फार नाही, पण वायर खिडकीतून सोडणार का? त्यामुळे जाहिरातीत 'फ्यूजन टायटॅनियम, लेदर, प्लग-इन, कमी किंमत' असं दिसलं की आधी घरमालकाला विचारा, मग विकणाऱ्याला. पॉइंट नसेल तर त्याच वर्षाची साधी हायब्रिड घ्या. डिक्की मोठी, मायलेज जास्त, भानगड कमी. पॉइंट असेल तर गाडी रात्रभर चार्ज करून विजेवरचे मैल स्वतः मोजा. पुढच्या चाकामागे, चालकाच्या बाजूला चार्जिंगचं गोल झाकण असतं, चार्ज होताना त्याभोवती दिव्यांचं कडं उजळत जातं. ते चालतंय का तेही बघा. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची होती (काही राज्यांत त्याहून जास्त). सुरुवातीच्या गाड्यांची ८ वर्षं केव्हाच उलटून गेलीत.

आणि करसवलतीची गोष्ट. ती तेव्हा ज्याचा आयकर तेवढा भरतो त्यालाच पूर्ण मिळायची. कर कमी भरत असाल तर सवलतही तेवढीच. म्हणजे गॅरेज ज्याच्याकडे, कर भरण्याइतकी कमाई ज्याची, सरकारी मदतही त्यालाच. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी तिथली नव्या-जुन्या दोन्ही गाड्यांवरची केंद्रीय सवलत बंदच झाली. पण जोवर होती तोवर सवलत गाडीत प्लग आहे म्हणून मिळत होती. तो लावला जातो की नाही, हे कुणी विचारत नव्हतं.

युरोपने मात्र ते मोजलं. तिथे २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांत प्रत्यक्ष जळालेल्या इंधनाची नोंद ठेवणारं मीटर आहे. ती माहिती गोळा करून युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं की प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा रस्त्यावरचा कार्बन उत्सर्जनाचा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला. मुख्य कारण हेच, की लोक गृहीत धरलं होतं तितक्या वेळा चार्ज करत नाहीत. कंपनीने दिलेली गाडी आणि कंपनीचंच पेट्रोल कार्ड असेल तर वायर कोण उलगडणार? जर्मनीने तर २०२२ संपताना प्लग-इनचं अनुदान बंद करून टाकलं.

आपल्याकडे प्लग-इन हायब्रिड आज मोजक्या महागड्या परदेशी गाड्यांपुरत्या आहेत. सप्टेंबर २०२५ च्या नव्या जीएसटी रचनेत इलेक्ट्रिक गाड्यांना ५ टक्के कर आहे, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडना ४० टक्के, मग प्लग असो वा नसो. हायब्रिडचा कर कमी करा अशी मागणी गाडी उद्योगातून अधूनमधून होतेच. माझं म्हणणं असं की सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण दोन अटी घाला. गाडी प्रत्यक्ष किती किलोमीटर विजेवर धावली, त्या नोंदीवर सवलत ठरवा. आणि ती मिळवणाऱ्या कंपनीला हायब्रिड सर्वात खालच्या व्हेरिएंटमध्येही विकायला लावा. हे अशक्य नाही. त्याच फोर्डने २०१९ मध्ये अचानक समोर काही आलं तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा फ्यूजनच्या सगळ्या ट्रिममध्ये, अगदी तळाच्या 'एस'मध्येसुद्धा देऊन टाकली होती. जे जिवाच्या सुरक्षेबाबत जमतं ते मायलेजबाबत का जमू नये?

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मागितला की आजही किती बैठका होतात, हे तुम्हाला घरूनच कळेल. यंदा घरी नव्या गाडीचा विषय निघाला, तर ब्रोशर उघडण्याआधी बाबांना खाली पार्किंगमध्ये घेऊन जा आणि आपल्या जागेपासून सर्वात जवळचा पॉइंट किती फुटांवर आहे ते मोजा.