चौकशी संपेपर्यंत खायचे काय?

कतारने २०२० साली कायदा बदलून, जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्रावाचून नोकरी बदलण्याची मुभा परदेशी कामगारांस दिली. सुधारणा स्वागतार्हच, परंतु मालकाने ‘कामगार फरारी झाला’ अशी फिर्याद दिली, की ती मुभा कागदावरच राहण्याचा धोका असतो. चौकशी रेंगाळते, नवा परवाना अडतो, जुन्याची मुदत सरते. आरोप सिद्ध होण्यापूर्वीच शिक्षा सुरू! श्रमिकाला जागा सोडता येत नसेल, तर वेतनासाठी घासाघीस तरी तो कशाच्या बळावर करणार? म्हणून चौकशीस मुदत हवी. तोवर कामाचा तात्पुरता परवाना हवा. २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून आपल्या दूतावासाने वकीलही वेळीच द्यावा. रत्नागिरीतील चूल तारखांवर पेटत नाही.