वहीतलं गाणं चारचौघींत येऊ द्या

साड्यांच्या घडीखाली, नाहीतर मुलांच्या जुन्या दप्तरात एक वही असते. बचत गटाच्या कामासाठी घराघरांत जाणं होतं, म्हणून हे मला ठाऊक. कुणी त्यात माहेरच्या विहिरीवर चार कडवी लिहिलेली असतात, कुणी मुलीची पाठवणी झाल्यावर रात्री जागून काहीतरी उतरवलेलं असतं. एकीने तर नवऱ्याच्या आजारपणात औषधाच्या बिलामागे लिहिलेल्या ओळी जपून ठेवल्या आहेत. "वाचून दाखवा ना," म्हटलं की बहुतेक ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं, "अहो ताई, ते काही कविताबिविता नाही. असंच आपलं." आणि वही पुन्हा साड्यांखाली जाते.

मैत्रिणींनो, हे 'असंच आपलं' आपल्या आज्या-पणज्या राजरोस मोठ्या आवाजात गात होत्या. पहाटे जात्यावर बसलं की एकीने ओवी सुरू करायची, त्याच खुंट्याला हात लावून समोर बसलेलीने पुढची जोडायची. सासरचा जाच, भावाची वाट, लेकीची काळजी, विठोबाशी भांडण, सगळं त्यात यायचं. कुणाला विचारावं लागत नव्हतं की ही कविता आहे का? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्यातल्या अनेक ओव्या गाणाऱ्या बायांच्या नावागावासह लोकांसमोर आणल्या आहेत. एक लाख! यातली एकही बाई स्वतःला कवयित्री म्हणवत नव्हती.

मग हे गाणं थांबलं कसं? गावात पिठाची गिरणी आली. कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पहाटे उठून पायली पायली दळण दळायची वेळ आपल्या मुलींवर येऊ नये. पण जातं गेलं तशी गाण्याची जागाही गेली. आमच्या ओळखीतल्या एका आजींना ओव्या म्हणायला सांगितल्या तर त्यांना चार आठवेनात. पुढे एका लग्नघरी हळद दळायला जातं मांडलं, आजींचा हात खुंट्याला लागला आणि ओवीमागून ओवी येत गेली. बायका दळण विसरून ऐकत राहिल्या.

यातून मी एक गोष्ट घेतली. गाण्याला जागा लागते आणि ऐकणारं माणूस लागतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांसारखा कवी मुलगा घरात होता, गाणी कागदावर उतरवून घ्यायला घरचे हात होते, म्हणून ती उरली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यांच्या गाण्यांचं मोल आचार्य अत्र्यांनी ओळखलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आपलं पुस्तक बघायला त्या नव्हत्या. आपल्यातली प्रत्येक जण काही बहिणाबाई नाही, हे मला कळतं. पण जिचं कुणीच ऐकलं नाही ती काय होती, हे आता कुणी सांगायचं?

जागा आपल्याकडे आजही आहेत. भजनी मंडळ आहे, हळदीकुंकू आहे, मंगळागौर आहे, बचत गटाची महिन्याची बैठक आहे. नवरात्रात भोंडला आहे, विदर्भ-खानदेशात भुलाबाई आहे. तिथे आपण सगळ्या दुसऱ्यांची गाणी हौसेने म्हणतो. माझं म्हणणं इतकंच, की त्यातली पंधरा मिनिटं आपल्या स्वतःच्या ओळींसाठी ठेवा.

आमच्या गटात हे सुरू केलं तेव्हा पहिल्या दोन बैठकांत कुणी तोंड उघडलं नाही. मग एकीला चाल सुचली. वाचायला लाजते ना, मग ओवीच्या चालीत म्हण! एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुपद धरायचं. दहा जणींचा आवाज मागे आला की थरथरणारा आवाज स्थिर होतो. पेटीवाल्या ताईंनी सूर काळी पाचवरून खाली आणला, तेव्हा 'आमचा गळाच नाही' म्हणणाऱ्याही गाऊ लागल्या. सूर उंच धरला तर चौघी गातात आणि चाळीस नुसत्या बसून राहतात.

आम्ही तीन नियम केले. पहिला, 'छान, छान' म्हणून सोडून द्यायचं नाही. कुठली ओळ मनात राहिली ते सांगायचं. दुसरा, यमक चुकलं म्हणून हसायचं नाही. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा: गाण्यातली नणंद कोण, सासू कोण, हे विचारायचं नाही आणि इथलं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. छोट्या गावात हा नियम पाळला नाही तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यापासून बसस्टँडपर्यंत चर्चा होते आणि ती बाई पुन्हा कधी वही उघडत नाही.

एकटीला जे बोलवत नाही ते दहा जणींच्या कोरसमध्ये म्हणता येतं. स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक १९८३ मध्ये आलं आणि गावोगाव पोहोचलं, ते गात-गातच. आमच्या गटात एका सुनेने दारूवर चार कडवी केली. ती सगळ्यांनी मिळून म्हटली, आणि पुढच्या बैठकीला तिच्या गल्लीतल्या तिघी नव्याने आल्या. त्या गाण्याने दारू सुटली असं मी म्हणणार नाही. पण हे आपल्या एकटीच्याच घरात नाही, हे तिला कळलं.

आता नावाविषयी. हल्ली कविता व्हॉट्सॲपवर फिरतात. फिरता फिरता खालचं नाव गळतं, कधी कुणा मोठ्या कवीचं नाव चिकटतं. लिहिणारीलाच आपली कविता परत येते, 'कुणीतरी छान लिहिलंय' म्हणून! तेव्हा वहीत कवितेखाली आपलं नाव, गाव आणि तारीख लिहा. कुणाची पुढे पाठवायची असेल तर तिला विचारून, नावासकट पाठवा. सातशे वर्षांपूर्वी परक्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईने अभंगात आपलं नाव गुंफलं. मग आपण शिकलेल्या बायका कशाला लाजतो?

काही जणी म्हणतील, घरकाम, नोकरी, मुलांच्या परीक्षा, यात कवितेचं काय घेऊन बसलात? खरं आहे, पाणी दोन दिवसांआड येतं, गॅसचा नंबर लावायचा असतो. पण दळण-कांडण सांभाळूनच त्या एक लाख ओव्या झाल्या ना?

तर येत्या बैठकीला जाताना ती वही पिशवीत टाका. घरात सासूबाई, आजी असतील तर त्यांच्या ओव्या मुलांना मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायला सांगा, आणि त्यांचं माहेरचं गाव विचारून घ्या. हे काम दिवाळीनंतर करू म्हणू नका. आजी आज घरात आहेत, तोवर आजच करा.