पगाराला हजर, पेन्शनला गैरहजर

'पाच पॉइंटांसाठी एवढी कटकट? सोडून दे की!' गेल्या दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात चकलीचा तुकडा मोडत एका मित्राने मला सल्ला दिला. चांगल्या मनाने दिला. पस्तीस वर्षं अमेरिकेत काढलेला, स्वतःच्या निवृत्तीच्या खात्याचा हिशेब डॉलरपर्यंत तोंडपाठ असलेला हा माणूस. त्या खात्यातून न सांगता कुणी वर्षाची रक्कम वजा केली असती, तर तो चकली खात बसला असता का? त्या दिवशी विचारलं नाही. सण होता. आता विचारतो.

ज्यांच्या घरात कुणी राखीव दलात किंवा नॅशनल गार्डमध्ये नाही, त्यांच्यासाठी आधी थोडा हिशेब. महिन्यातून एक शनिवार-रविवार ड्रिल आणि वर्षातून दोन आठवडे सलग प्रशिक्षण, हा राखीव सैनिकाचा साधारण संसार. ड्रिलच्या चार तासांच्या सत्राला एक पॉइंट, म्हणजे शनिवार-रविवारचे चार. सक्रिय सेवेच्या दर दिवसाला एक. नुसतं दलात असण्याचे वर्षाला पंधरा. सगळे मिळून 50 भरले तर ते वर्ष 'चांगलं'. अशी 20 चांगली वर्षं झाली की साठीला पेन्शन. (जानेवारी 2008 नंतर सलग किंवा तुकड्यातुकड्याने पुरेशी सक्रिय सेवा झाली असेल, तर थोडी आधी.) 49 भरले तर ते वर्ष विसात धरत नाहीत. आणि विसाऐवजी एकोणीस झाली तर पेन्शन एकोणीस वर्षांच्या हिशेबाने थोडी कमी मिळते असं नाही. मिळतच नाही. पाच पॉइंटांची किंमत ही आहे, मित्रा.

मी 1996 साली ग्रीन कार्डावर भरती झालो. 2016 मध्ये वीस वर्षं पुरी झाल्याचं पत्र यायला हवं होतं. आलं नाही. पॉइंटांचं पत्रक मागवलं, तर 1999-2000 या वर्षापुढे आकडा 45. त्या वर्षी आमचं युनिट बंद होऊन दुसऱ्यात मिसळलं होतं, आणि त्या धांदलीत चार ड्रिलचे सोळा पॉइंट कुणी चढवलेच नव्हते. जुन्या युनिटच्या कारकुनाला वाटलं नवीन युनिट चढवेल, नव्याला वाटलं जुन्याने चढवले असतील. मी विचारायला गेलो तेव्हा जुनं युनिट कागदावरसुद्धा उरलं नव्हतं.

आता गंमत बघा. त्या चारही ड्रिलचा पगार माझ्या खात्यात जमा झालेला होता. पगाराच्या स्लिपांवर तारखा होत्या, कर कापलेला होता, वर्षअखेरच्या डब्ल्यू-टूमध्ये ती रक्कम धरलेली होती. म्हणजे पैसे देताना लष्कराला मी हजर दिसलो, कर घेताना सरकारला हजर दिसलो, आणि पेन्शन मोजायची वेळ आली तेव्हा गैरहजर! हे मी सिद्ध करू शकलो, कारण माझ्या बायकोने त्या स्लिपा साडीच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या. (तिला मी वर्षानुवर्षं 'हा कचरा टाक' म्हणत आलो. ती माफी वेगळी मागितली.) तरीही एक वर्ष दुरुस्त व्हायला चौदा महिने लागले.

'पत्रक दरवर्षी तपासणं ही सैनिकाची जबाबदारी आहे,' असं मला त्या चौदा महिन्यांत किमान सहा जणांनी ऐकवलं. त्यात तथ्य आहे. मी पत्रकं न उघडता फायलीला लावत गेलो, ही माझी चूक. पण माझी चूक न बघण्याची. नोंद न करण्याची चूक ज्याची, त्याला कुणी काही विचारलं नाही. वाण्याने उधारीच्या वहीत चुकीचा आकडा लिहिला आणि गिऱ्हाइकाने तो वीस वर्षं पाहिला नाही, म्हणून आकडा बरोबर ठरतो का?

माझा राग कारकुनावर नाही. तो बिचारा स्वतःही महिन्यातून एकदाच येणारा. राग आहे तो न्यायाच्या पद्धतीवर. कार्यालयांनी हात वर केले की शेवटचा दरवाजा म्हणजे लष्करी नोंदी दुरुस्त करणारं बोर्ड. डीडी फॉर्म 149 भरायचा, चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत. उशीर झाला तर तो माफ करायचा की नाही, हे बोर्डाच्या मर्जीवर. आणि लष्कराचं हे बोर्ड कामाला सुरुवात करतं ते दफ्तरातली नोंद बरोबरच आहे असं गृहीत धरून. ती चुकीची आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं अर्जदाराने. ज्याच्या ताब्यात दफ्तर, त्याच्यावर विश्वास. ज्याच्या हातात काही नाही, त्याच्यावर पुराव्याचं ओझं.

या दफ्तराचा इतिहासही बघू. 12 जुलै 1973 ला सेंट लुईसच्या केंद्रात आग लागली आणि लष्कर व हवाई दलाच्या 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली जळाल्या. नकला नव्हत्या. तेव्हापासून तिथले लोक जळालेल्या सेवेचा माग इतर कागदांतून काढतात, आणि त्या कागदांत पगाराची व्हाउचरं महत्त्वाची. म्हणजे आगीत गेलेली फाइल पगाराच्या कागदावरून उभी करता येते. मग विसरलेली नोंद का येऊ नये? ड्रिलचा पगार दिला असेल तर पॉइंट आपोआप धरा, आणि माणूस आलाच नव्हता हे सिद्ध करायचं ओझं कार्यालयावर टाका. मागणी एवढीच आहे.

'अशाने लबाड लोक खोटी ड्रिल दाखवतील' हा आक्षेप मी ऐकला आहे. अहो, लबाडाला आधी खोटा पगार मिळवावा लागेल! उलट कायद्यालाच हे तत्त्व परकं नाही. वीस वर्षं पुरी झाल्याचं पत्र एकदा हातात पडलं, की नंतर मोजणीत चूक सापडली तरी पेन्शनचा हक्क काढून घेता येत नाही. अर्जदाराने स्वतः फसवणूक केली असेल तरच. (रकमेचा हिशेब मात्र दुरुस्त होऊ शकतो.) पत्रानंतर सरकारच्या चुकीचा भार सरकारवर, आणि पत्राच्या आदल्या दिवसापर्यंत तोच भार सैनिकावर, याचं कारण मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

माझे आजोबा साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. दर नोव्हेंबरला धुतलेला सदरा घालून हयातीचा दाखला द्यायला जायचे. 'जिवंत आहे हे दाखवायला जिवंत माणसाला हेलपाटा,' म्हणून आम्ही पोरं हसायचो. त्यांना निदान आज जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा होता. मला सोळा वर्षांपूर्वीच्या चार शनिवारांचा द्यायचा होता.

मी सुटलो. माझ्याच युनिटातला एक सार्जंट सुटला नाही. तीच चार ड्रिल, तेच वर्ष, त्याचेही पॉइंट पन्नासच्या आत. स्वतःच्या मोजणीने वीस झाली म्हणून तो बाहेर पडला आणि मग कळलं की एकोणीसच आहेत. परत भरती व्हायचं वय उलटलेलं. घर बदलताना त्याने स्लिपा टाकून दिल्या, आणि नकला मागितल्या तर 'उपलब्ध नाहीत' असं उत्तर आलं. त्याच्याकडे साडीचं खोकं नव्हतं, एवढाच आमच्या दोघांतला फरक.

आपल्यापैकी ज्यांची मुलं कॉलेजच्या फीसाठी म्हणून गार्डमध्ये जाताहेत, त्यांनी त्यांच्या स्लिपा आजच मागून घ्या आणि पॉइंटांच्या पत्रकाशी ताडून बघा. वर्ष जानेवारीपासून नाही, भरतीच्या तारखेपासून मोजतात, हेही त्यांना सांगा. दोन उन्हाळ्यांची प्रशिक्षणं एकाच वर्षात पडून पुढचं वर्ष कोरडं राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

सार्जंटचा अर्ज बोर्डापुढे आहे. त्याला मी माझ्या स्लिपांच्या प्रती आणि शपथपत्र जोडलं आहे, की त्या चारही शनिवारी सकाळच्या हजेरीला तो माझ्या डाव्या हाताला उभा होता. उत्तर अजून आलेलं नाही.