नंबर बरोबर, फॉर्म चूक!

पप्पा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचणं हे त्यांचं रोजचं काम. मागच्या वर्षी माझ्या फी सवलतीचा फॉर्म भरताना त्यांनी मोबाइलवर उत्पन्न टाकलं, २,४०,०००. लगेच लाल अक्षरं आली, 'इनव्हॅलिड नंबर'. तीनदा तेच. शेवटी मोबाइल माझ्याकडे देत म्हणाले, "बघ गं, माझंच काहीतरी चुकतंय."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कीबोर्ड मराठी होता, म्हणून आकडेही मराठी पडले. मी इंग्रजी आकडे टाकले, तरी अडलं. स्वल्पविराम काढले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

मी मास कॉमची, कोडिंगशी माझा संबंध नाही. पण डोकं फिरलं होतं, म्हणून शोधलंच. या अडवणुकीमागे असतं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे रेजेक्स. नंबर कसा दिसायला हवा, याचा साचा. पप्पांच्या भाषेत गो-नो गो गेज. गंमत म्हणजे 'कोणताही अंक' ही एकच खूण जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखते, तर पायथन ३ मध्ये देवनागरीही. स्वल्पविरामाचा साचा तीन-तीन अंकांच्या गटांचा असेल, तर आपलं १,००,००० नापास. गाड्यांचंही तसंच. आपल्याकडे नंबर एमएच १४ ने सुरू होतो. पण २०२१ मध्ये आलेल्या बीएच सिरीजमध्ये आधी वर्षाचे दोन अंक येतात. साचा जुनाच राहिला, तर रस्त्यावर कायदेशीर असलेली गाडी फॉर्ममध्ये बेकायदा!

तपासणी नकोच, असं नाही. मोबाइल नंबर नऊच आकडी गेला तर ओटीपी येणार कुठून? पण साचा फक्त आकार बघतो, खरं-खोटं नाही. नऊचं बटण दहा वेळा दाबलं तरी तो पास करतो आणि पप्पांचं खरं उत्पन्न नापास. कंपनीत गेजचंही कॅलिब्रेशन होतं. फॉर्मच्या साच्याचं कोण करतं?

मी घरी होते म्हणून आमचा फॉर्म वेळेत गेला. जिथे असं कुणी नसेल, तिथे एका स्वल्पविरामापायी सवलत हुकू शकते.

म्हणून आकुर्डी-निगडी-पिंपरीत कोडिंग शिकणाऱ्या दोस्तांनो, उद्या हे फॉर्म तुम्हीच बनवणार आहात. आधी स्पेस आणि स्वल्पविराम काढा, मराठी आकडे इंग्रजीत बदला, मग तपासा. चार ओळींचं तर काम. आणि नुसतं 'इनव्हॅलिड' लिहू नका, नेमकं काय बदलायचं ते मराठीत सांगा.

प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी एकदा तो आई-पप्पांच्या हातात द्या. ते जिथे अडतील, तिथे चूक तुमची.