आवाज झाकायचा की थांबवायचा?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आज एका महागड्या गाडीबद्दल लिहितोय. आपण कोणी ती घेणार नाही, पण तिच्या जन्माची गोष्ट आपल्या कामाची आहे.

१९८३ साली टोयोटाचे एजी टोयोडा यांनी जगातल्या उत्तमोत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी बनवायचं ठरवलं. चाचणीसाठीच सुमारे ४५० गाड्या बांधल्या गेल्या. जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली : लेक्सस एलएस ४००.

मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांच्या अटी एकमेकींशी भांडणाऱ्या होत्या. ताशी २५० किमी वेग हवा, तरी पेट्रोल कमी लागलं पाहिजे. आत शांतता हवी, तरी वजन वाढता कामा नये. आता आवाज कमी करायचा सोपा उपाय म्हणजे आतून जाड थर लावणे. पण त्याने गाडी जड होते आणि जड गाडी जास्त पेट्रोल पिते. सुझुकींचं म्हणणं, आवाज जिथे जन्मतो तिथेच थांबवा. इंजिनाचे भागच इतके अचूक करा की थरथर मुळात कमी होईल. अभियंते आधी नाहीच म्हणाले होते. पण जमलं.

आपण मुलांना जाड थरच लावतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाची सातवीत समीकरणं चुकायची. मी सरावाला पन्नास उदाहरणं दिली, घरच्यांनी क्लास लावला. दप्तर जड झालं, मार्क तेवढेच! एकदा मधल्या सुट्टीत त्याला सहज विचारलं, १/२ + १/३ किती? त्याने २/५ लिहिलं. म्हटलं, "अरे, अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी थोडी खाल्लीस, मग अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली?" तो बघतच राहिला. आवाज येत होता सातवीत, पण बिघाड होता पाचवीच्या अपूर्णांकांत. आणि हे मला दिवाळीनंतर कळलं, याची लाज वाटते.

मान्य आहे, कंपनीकडे सहा वर्षं आणि अमाप पैसा होता. आपल्याकडे पस्तीस मिनिटांची तासिका, वर घटक चाचणी डोक्यावर. तरीही माझं मत असं, की दोन आठवडे धडा मागे राहिला तर राहू द्यावा. आणि पालकहो, क्लासची फी भरण्याआधी शाळेत येऊन एवढंच विचारा, "सर, याचं नेमकं कुठल्या इयत्तेत अडलंय?"

तो मुलगा अजूनही चुकतो. पण हल्ली उत्तर लिहिलं की थांबतो, मनातल्या मनात भाकरी मोडून बघतो, आणि कधीकधी स्वतःच खोडतो.